शुक्रवारचा सहाचा नंबर

आमच्या बिल्डिंगच्या तळघरात सॉना, म्हणजे वाफेने घाम काढायची गरम खोली, एकच आणि वर घरं अठ्ठावीस. म्हणून प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास. कुणाचा नंबर कधी, तो कागद खालच्या दाराजवळ लावलेला असतो आणि वर्षानुवर्षं त्यात काडीचाही बदल होत नाही. मला नऊ वर्षं मंगळवारी दुपारी चारचा नंबर होता. आता मंगळवारी दुपारी चारला कुणाला घाम काढावासा वाटतो, सांगा. फिनलंडमध्ये, आमच्या लाहटी गावातल्या कुठल्याही शहाण्या माणसाला विचारा, खरा नंबर म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी सहाचा. आठवडा संपलेला असतो, आधीच्या दोन घरांनी शेगडीवरचे दगड चांगले तापवून ठेवलेले असतात आणि घरी गेल्यावर जेवून झोपण्याशिवाय दुसरं काम नसतं.

तो नंबर तिसऱ्या मजल्यावरच्या राउनी केट्टुनेनचा होता. एकवीस वर्षं.

मार्चमध्ये एक दिवस कागदाकडे पाहिलं तर राउनीचं नाव खोडलेलं आणि तिथे माझं, हेल्वी. वेटिंग लिस्टवर मीच पहिली होते. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतका झाला की पहिल्या शुक्रवारी नवा टॉवेल काढला. वरच्या फळीवर बसून दगडांवर पाणी ओतलं, चर्र आवाज करत वाफ अंगावर आली, आणि मगच डोक्यात आलं की शुक्रवारचा सहाचा नंबर कुणी सोडत नाही. माणूस मरतो नाहीतर घर बदलतो. राउनी तर सकाळीच कचऱ्याच्या डब्यांपाशी दिसली होती.

विचारायला हवं होतं, पण विचारतं कोण? आमच्याकडे लिफ्टमध्ये दोघं भेटले तर दोघंही मजल्याचे आकडे बघत उभे राहतात. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायचं नाही, याला आम्ही सभ्यपणा म्हणतो. कधीकधी मला वाटतं, तो नुसता आळस असतो.

सॉनाच्या बाहेरच्या खोलीत, खुंटीवर राउनीचं फळीवर अंथरायचं कापड तसंच लटकत होतं. जाडंभरडं सुती, कोपऱ्यात लाल दोऱ्याने तिची अक्षरं काढलेली. तीन शुक्रवार मी त्या कापडाकडे पाठ करून कपडे काढले. चौथ्या शुक्रवारी मात्र कापड उचललं, ओल्या केसांनीच तिसऱ्या मजल्यावर गेले आणि बेल वाजवली.

राउनी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. अठ्ठावन्न वर्षांची, खांदे रुंद, चारशे मुलांच्या सुपाची पातेली एकटीने हलवणारी बाई. दार उघडलं तेव्हा ती अर्धी झालेली दिसली.

"हे तुझं," मी म्हटलं.

"ठेव तुझ्याकडे. मला नाही लागत."

"माझ्याकडे आहे माझं. आत घेतेस का, की जिन्यात उभी ठेवतेस? डोकं ओलं आहे माझं."

तिने आत घेतलं. कॉफी टाकली, वेलचीचा पाव कापला. टेबलावर गोळ्यांची दोन पाकिटं होती. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, म्हणजे बघितलं, पण नाही बघितल्यासारखं.

"बघ की," राउनी म्हणाली. "या रोज सकाळी घ्यायच्या. आणि ही दुसरी, अगदीच अंगावर आलं तर."

"काय अंगावर आलं तर?"

मग तिने सांगितलं. डिसेंबरमधला गुरुवार. गुरुवारी शाळेत वाटाण्याचं सूप असतं. तिने पातेल्याचं झाकण काढलं, वाफ तोंडावर आली आणि छाती धडधडायला लागली. थांबेचना. बोटांना मुंग्या आल्या, घसा कुणी आवळल्यासारखा झाला, गुडघे आपले राहिले नाहीत. तिला वाटलं, संपलं, आता इथेच सुपात पडणार. दहा मिनिटांनी सगळं ओसरलं आणि तिने चारशे मुलांना वाढलं. कुणाला काही बोलली नाही.

"पण तुला बोलले होते," ती म्हणाली. "जानेवारीत. कचऱ्याच्या डब्यांपाशी."

मला आठवलं आणि पावाचा तुकडा मी परत बशीत ठेवला. ती म्हणाली होती, अधूनमधून छाती फार धडधडते गं. आणि मी काय म्हणावं? 'सॉनात जा, चांगल्या दोन पळ्या पाणी ओत, सगळं उतरेल.' आम्ही सगळ्याला हेच सांगतो. सर्दीला सॉना, कंबरेला सॉना, नवऱ्याशी भांडण झालं तरी सॉना. माझ्या आईनेही हेच सांगितलं असतं.

राउनीने माझं ऐकलं होतं. त्याच शुक्रवारी एकटी खाली गेली. सॉनात छाती धडधडतेच, कुणाचीही. पण ती धडधड उष्णतेची की दुसरी, ते तिला कळेना. तिचं धाबं दणाणलं. टॉवेल गुंडाळून ती जिना चढून थेट रस्त्यावर गेली, बर्फात, अनवाणी, उणे अठरा असताना. सातच्या नंबरवाल्यांनी तिला तसं पाहिलं. ॲम्ब्युलन्स आली. ईसीजी काढला, रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं.

"सगळं छान आहे म्हणाले. अगं, छान कसलं? मी मरत होते आणि डॉक्टर म्हणतात छान आहे. मला त्याचीच जास्त लाज वाटली."

नंतर दुसऱ्या डॉक्टरने नीट सांगितलं की याला पॅनिक अटॅक म्हणतात, त्याने माणूस मरत नाही, पण मरतोय असं वाटतं ते मात्र अगदी खरं वाटतं. रोजची गोळी सुरू केली. पहिले दोन आठवडे तर आगीतून फुफाट्यात. मळमळ, रात्रभर घाम, जबडा घट्ट, तोंडाला कोरड, धडधड दुप्पट. आणि जांभया. मुख्याध्यापक बाजूला उभे राहून नव्या भांड्यांबद्दल बोलत होते आणि ही त्यांच्या तोंडावर आठ जांभया देऊन मोकळी झाली. गोळ्या कचऱ्यात टाकायलाच निघाली होती, पण आरोग्य केंद्रातल्या नर्सचा, यान्निकाचा फोन आला. सहा आठवडे थांब, म्हणाली, आणि आपल्या मनाने बंद करू नकोस. राउनी थांबली. पाचव्या आठवड्यात एका सकाळी बस चुकली आणि तिच्या लक्षात आलं की आपण नुसतं वैतागलोय, घाबरलेलो नाही.

"मग आता बरी आहेस की," मी म्हटलं.

"कामावर जाते, दुकानात जाते. ही दुसरी गोळी खिशात असते. अजून एकही घेतलेली नाही. पण ती खिशात नसेल तर मी कचरा टाकायलासुद्धा खाली उतरत नाही."

"आणि सॉना?"

राउनी माझ्याकडे पाहत राहिली. "तिथे खिसा कुठे असतो, हेल्वी?"

खरंच, तिथे माणूस आईच्या पोटातून आल्यासारखा बसतो. फोन नाही, चावी नाही, काही नाही. मला आयुष्यभर त्याचंच सुख वाटत आलेलं आणि हिला त्याचीच भीती.

"आईला शेवटचं मी तिथेच आंघोळ घातली," ती म्हणाली. "तिच्या पाठीला साबण लावला. आता मी बाथरूमचं दार उघडं ठेवून शॉवर घेते, पडले तर कुणाला ऐकू यावं म्हणून. मला तिथे पुन्हा बसायचंय गं. नाही जमलं तर मी बरी झाले असं मी कधीच म्हणणार नाही." मग घाईघाईने म्हणाली, "नंबर तुझाच राहू दे. मी मागत नाहीये."

मी घरी आले आणि स्वतःवरच चिडले. नंबरांचा नवा कागद दरवर्षी मेअखेर लागतो आणि सोडलेला नंबर तोवर परत मागता येतो. राउनी तोवर बरी झाली तर नंबर तिला परत द्यावा लागणार, आणि नाही झाली तर तो आयुष्यभर माझा. हे गणित माझ्या डोक्यात आपोआप मांडलं गेलं आणि मला माझीच शिसारी आली. सोमवारी मी पुन्हा बेल वाजवली.

यान्निका नर्सने राउनीला एक काम दिलं होतं, ते एकटीने करायचा तिला धीर होत नव्हता. मुद्दाम छाती धडधडवायची, आणि ती आपोआप थांबते हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. म्हणून आम्ही जिने चढायला लागलो. तळघर ते पाचवा मजला, भरभर. मी अडुसष्ट वर्षांची, तेव्हा वर पोचेपर्यंत कुणाला अटॅक आलाय ते बघणाऱ्याला कळलं नसतं.

"तुझा चेहरा बघ," राउनी म्हणायची. "मीच ॲम्ब्युलन्स बोलवू का?"

"गप बस आणि श्वास सोड. लांब सोड. घेण्याचं नंतर बघ."

डॉक्टरने हृदय ठणठणीत आहे, सॉना चालेल असं लिहून दिलं होतं. फक्त एकटीने नको, पाणी भरपूर प्यायचं आणि उठताना सावकाश, कारण त्या गोळीने घाम जास्त येतो आणि चक्कर येऊ शकते. पहिल्या शुक्रवारी ती बाहेरच्या खोलीत कपड्यांनिशी बसली, गोळी खिशात. दुसऱ्या शुक्रवारी खालच्या फळीवर, दार उघडं ठेवून, चार मिनिटं. गोळी दाराबाहेर, बशीत. माझी सगळी वाफ बाहेर जात होती, पण मी तोंडाला कुलूप लावलं. तिसऱ्या शुक्रवारी दार लावलं आणि एका मिनिटात ती पळाली. जिन्यात टॉवेलमध्ये बसून रडली. "माझ्याच्याने नाही होणार. नंबर तुझा. मला पुन्हा बोलवू नकोस."

मी बोलावलं नाही. तिने नको म्हटलं होतं.

मेचा शेवटचा शुक्रवार. सोमवारी नवा कागद लागणार होता. मी वरच्या फळीवर बसले होते, एवढ्यात बाहेरच्या खोलीचं दार वाजलं. राउनी आत आली, स्वतःचं लाल अक्षरांचं कापड घेऊन. दार लावलं. खालची फळी सोडली, मधली सोडली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. उजवी मूठ घट्ट आवळलेली. मूठ मी पाहिली.

भिंतीवरचं वाळूचं घड्याळ मी उलटं केलं आणि पाणी ओतलं, अगदी अर्धी पळी.

थोडा वेळ बरं गेलं. मग तिच्या मानेवर लाल चट्टे उठले.

"आलं," ती म्हणाली.

"काय काय होतंय ते सांग."

"धडधड. बोटांना मुंग्या. घसा." तिचा आवाज फाटला. "गुडघे नाहीत. हेल्वी, हे तेच आहे. मी जाते."

"जा. दार नुसतं लोटलेलं आहे, कडी नाही लावलेली," मी म्हटलं. जानेवारीत मीच तिला इथे पाठवलं होतं. काय करावं सुचेना. मग मी तिचा डावा हात ओढला आणि माझ्या छातीवर दाबून धरला. "हे बघ आधी. मग जा."

माझं हृदय लोहाराच्या हातोड्यासारखं चाललेलं. ऐंशी अंशात अडुसष्ट वर्षांच्या बाईचं दुसरं काय चालणार? राउनीने हात काढला नाही. एकदा स्वतःच्या छातीला लावला, पुन्हा माझ्या.

"तुझं माझ्यापेक्षा जोरात आहे," ती म्हणाली.

"इथे सगळ्यांचं असंच चालतं, बये. त्यासाठीच तर येतो आपण."

लांब श्वास सोडत राहिली. ती थरथरत होती, फळी थरथरत होती, आणि मी वाळूकडे बघत होते. निम्मी वाळू खाली गेली. मग पाऊण. ती उठून जाईल असं मला दोनदा वाटलं आणि दोन्ही वेळा ती बसून राहिली. वाळू संपायला आली तेव्हा मानेवरचे चट्टे फिकट झाले होते आणि तिचे खांदे खाली आले होते.

"गेलं," ती हळू म्हणाली. मग एकदम तिचा नेहमीचा, स्वयंपाकघरातला आवाज आला. "हे काय पाणी ओतणं झालं? फुलझाडांना घालतेस का? पळी दे इकडे."

पळी घ्यायला तिने उजवा हात पुढे केला आणि तशीच थांबली. मूठ उघडली. तळहातावर गोळी नव्हती, घामात विरघळून नुसता पांढरा चिखल राहिला होता.

आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. मला वाटलं, आता हिच्या तोंडचं पाणी पळणार. राउनीने हात दगडांवर ओतायच्या पाण्याच्या बादलीत बुडवला आणि नीट चोळून धुतला.

"आता दगडांनाही शांत वाटेल," ती म्हणाली.

मग तिने पळी काठोकाठ भरली आणि असं पाणी ओतलं की मलाच खालच्या फळीवर उतरावं लागलं.