थेंबही न शिरणारी बॅग
तिरफळाचा वास आला की मला अजून घाम फुटतो. सायकलच्या कॅरिअरला अडकवायची वॉटरप्रूफ बॅग मी महिनाभर डोकं खाजवून निवडली होती. त्या दिवशी अंधेरीत नव्या नोकरीची मुलाखत होती. कांदिवलीहून सायकलने जायचं, तिथे शर्ट बदलायचा आणि नंतर तसंच जुन्या ऑफिसला, असा बेत. बायको म्हणाली, "अरे, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं आहे, रस्सा सांडेल, डबा वेगळा घे." मी म्हटलं, "या बॅगेत थेंब शिरत नाही गं, तुला नाही कळायचं." हायवेचे खड्डे झेलत, धापा टाकत पोहोचलो आणि बॅग उघडली. थेंब खरंच आत शिरला नव्हता, पण बाहेरही पडला नव्हता. इस्त्रीचा शर्ट लालभडक रश्श्यात निवांत पहुडला होता. शेवटी घामट टी-शर्टातच, बॅग पायाशी घेऊन, एसी केबिनमध्ये बसलो. साहेबांनी दोनदा हवा हुंगली, फाइल मिटली आणि विचारलं, "मालवणचे का?" "हो सर." "आमच्याकडे खोबरं जास्त घालतात." मग सगळा वेळ आम्ही माशांवरच बोललो. घरी मी सांगितलं, जमलं बहुतेक. नोकरी काही मिळाली नाही. आजही जुन्याच ऑफिसला सायकल मारतो, आणि चढावर गुडघे कुरकुरले की वाटतं, साहेबांना निदान जेवायला तरी बोलवायला हवं होतं.