तळघराच्या खिडकीतला पाहुणा

आर्लिस हॉफस्टॅडने आमच्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाक केला. आमचं अमेरिकेतलं गाव कॉटनवुड बेंड. चहूकडे मका, मधे धान्याच्या उंच कोठ्या आणि एकच शाळा. मुलं एकशे चाळीस. मी चौथीला शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत कॉफीसाठी तळघरात, तिच्या स्वयंपाकघरात उतरायचे.

गावात कुणाच्या ओसरीखाली स्कंक शिरला की लोक आर्लिसला फोन करत. स्कंक म्हणजे मांजराएवढं जनावर, काळंभोर, पाठीवर दोन पांढरे पट्टे. शेपटीखालून त्याने एकदा फवारा मारला की घर, कुत्रा, कपडे, सगळं आठवडाभर नाकावरचा हात काढू देत नाही. लोक मस्करीही करत. "आर्लिस, तुझे नातेवाईक आलेत आमच्याकडे," असं म्हणत. ती म्हणायची, "मग जेवू घातलंस की नाही?"

ही विद्या तिला लहानपणी मिळाली, आणि फुकट मिळाली नाही. तिचे वडील हिवाळ्यात सापळे लावून स्कंक धरायचे आणि कातडी विकायचे. आठ वर्षांची आर्लिस शाळेआधी त्यांच्या हाताखाली काम करायची. एकदा अंगाला वास येतो म्हणून बाईंनी तिला वर्गाबाहेर काढलं. तिने सबंध दिवस बाहेरच्या बाकावर, अंगात कोट घालून काढला. मला हे सांगताना ती हसली नाही आणि रडलीही नाही. "वास माझा नव्हता गं," ती म्हणाली. "घाबरलेल्या जनावराचा होता. पण ते फुकाचं नाही मारत फवारा. आधी पुढचे पाय आपटतं, मग शेपटी उभारतं. एवढं बजावूनही माणूस हलत नाही आणि मग बोंब मारतो."

शहाण्णव सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. गुरुवार होता, म्हणजे जेवणात चिली, राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल. सकाळी नऊला आर्लिसने शेगडीशेजारच्या खिडकीचा पडदा सारला तर काचेपलीकडून स्कंक तिच्याकडे बघत होता. तळघरात उजेड यावा म्हणून खिडकीबाहेर कमरेइतका खोल, पत्र्याने बांधलेला खड्डा होता. रात्री कधीतरी तो त्यात पडला होता. स्कंकला खणता येतं, पण गुळगुळीत पत्रा चढता येत नाही.

हेडमास्तर प्रुइट घाबरले आणि त्यांनी पोलिसांना बोलावलं. कर्ट वेसलिंग बंदूक घेऊन आला. चोवीस वर्षांचा तरणाबांड, आमच्याच शाळेत शिकलेला.

"मिसेस हॉफस्टॅड, तुम्ही बाजूला व्हा," तो म्हणाला. "स्कंक रात्रीचा फिरतो. दिवसाढवळ्या दिसला तर पिसाळलेला असू शकतो."

"दिवसा फिरायला निघालाय का तो? अडकलाय," आर्लिस म्हणाली. "अर्धा तास बघतेय मी. लाळ नाही, तोल जात नाही. चढतोय, घसरतोय, परत चढतोय. पिसाळलेला वाटला असता तर मीच म्हटलं असतं, झाड गोळी."

"पण नियम असा आहे की..."

"कर्ट, सहा वर्षं तुझ्या ताटात मी वाढलंय. आता गोळी घातलीस तर मरता मरता तो सगळं सोडेल, तेही माझ्या खिडकीत. मग आठवडाभर शाळा बंद ठेव आणि आयांना तूच सांग."

कर्टने हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी छताकडे पाहिलं.

"मुलांना वर्गात बसवा," आर्लिस त्यांना म्हणाली, "आणि गप्प बसवा."

"एकशे चाळीस मुलांना?"

"ते तुमचं काम. माझं मी बघते."

तिने व्यायामशाळेतली एक लांब फळी मागवली. स्कंकच्या नख्यांना पकड मिळावी म्हणून तिच्यावर बटाट्यांची रिकामी पोती गुंडाळून खिळे ठोकले. माशाचा एक डबा उघडला. जाडे हातमोजे चढवून ती अंगणात निघाली तेव्हा वरच्या सगळ्या खिडक्यांना नाकं चिकटली होती. माझी चौथीही तिथेच होती. मी त्यांना बसा म्हटलं नाही, कारण मीच उभी होते.

ती खड्ड्याकडे गेली ती अगदी सावकाश, एकसारखं हलक्या आवाजात बोलत. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाली, "काही नाही, चिलीत काय काय घालतात ते सांगत होते. आवाज येत राहिला की दचकत नाही तो."

फळीचं टोक खड्ड्यात उतरलं आणि स्कंकने पाय आपटले. आर्लिस जागच्या जागी थांबली. वाकलेली, हातात जड फळी, छप्पन वर्षांची कंबर. शेपटी वर गेली. माझ्या वर्गातली एक मुलगी कुजबुजली, "आता..." आणि शेजारणीने तिच्या तोंडावर हात ठेवला. सबंध शाळेत खुर्ची सरकल्याचा आवाज नव्हता. किती वेळ गेला कोण जाणे. मग शेपटी हळूहळू खाली आली. आर्लिसने फळी बोट बोट करत टेकवली, वरच्या टोकापुढे मासे ठेवले आणि पाठमोरी न होता मागे सरकत आली.

पंधरा मिनिटांनी पोत्यावरून काळं नाक वर आलं. मग पट्टे. स्कंकने उभ्या उभ्या डबा साफ केला, अंगण तिरकं ओलांडलं आणि एकदाही मागे न बघता मक्याच्या शेतात शिरला.

टाळ्या वाजवायच्या नाहीत हे मुलांना कुणी सांगितलं नव्हतं. तरी तो दिसेनासा होईपर्यंत एकानेही वाजवल्या नाहीत. मग मात्र असा गजर झाला की कर्टने टोपी काढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या मुलांनी एका माणसावर भरवसा ठेवून श्वास रोखलेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

आर्लिसने वर पाहून हात हलवला. "जेवण वीस मिनिटं उशिरा!" ती ओरडली. "आणि रोल थोडे करपलेत. कुणी कुरकुर करायची नाही!"

कुणी केली नाही.

त्यानंतर कर्ट तिच्याकडे शिकायला यायला लागला. ओसरीखालच्या भोकापुढे संध्याकाळी पीठ पसरायचं, पावलं बाहेर गेलेली दिसली की मगच भोक बुजवायचं. मे-जूनमध्ये मात्र हात लावायचा नाही; आत पिल्लं असतात. ती चालायला लागली की आई स्वतःच त्यांना घेऊन जाते. कुत्र्यावर फवारा बसला तर वास जावा म्हणून लोक ओततात तसा टोमॅटोचा रस ओतू नये, कुत्रा फक्त लाल होतो.

ती निवृत्त झाली तेव्हा गावाने तिला नाव कोरलेलं घड्याळ द्यायचं ठरवलं. "घड्याळ आहे माझ्याकडे," ती म्हणाली. "द्यायचंच असेल तर गावातल्या तळघरांच्या खिडक्यांपुढच्या खड्ड्यांवर जाळ्या बसवा." एप्रिलच्या एका शनिवारी गाव कात्र्या आणि हातोडे घेऊन बाहेर पडलं. कर्टने यादी केली होती, हेडमास्तर प्रुइटांनी जाळी कापली, मी खिळे पुरवले. अंधार पडायच्या आत दोनशे सहा खड्डे झाकले गेले. आर्लिस प्रत्येक जाळीवर स्वतः पाय देऊन बघत होती. दोन डगमगल्या, त्या तिने काढून परत बसवायला लावल्या.