अंबाड्याच्या पिना

बसस्टँडवर शेजारच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. नर्सिंगच्या मुलाखतीत मुलीची निवड झाली नव्हती. सकाळी आईने घट्ट घालून दिलेला अंबाडा ती सोडत होती आणि एकेक पिन आईच्या तळहातावर ठेवत होती.

"काय विचारलं गं?"

"नर्सच का व्हायचंय, म्हणाले. मला बाबांचा वॉर्ड आठवला. रडूच आलं, बोलता येईना."

पाठ केलेलं उत्तर सुरळीत बाहेर पडतं. खरं असतं ते घशातच अडकतं, आणि समोरच्याला वाटतं, हिला काही येत नाही.



"तुझे बाबा गेले तेव्हा वॉर्डातली ती सिस्टरपण रडली होती," आई म्हणाली, आणि एकही पिन सांडू न देता तिने त्या पदराच्या टोकाला बांधल्या.