अर्धं सांगितलेलं वारंट

आमच्या वऱ्हाडात वारंट ज्याच्या नावाचं, त्याला ते सगळ्यांत शेवटी कळायचं. शिपाई गावात येऊन कोतवालाजवळ चौकशी करून जायचा, कोतवाल बायकोला सांगायचा, ती विहिरीवर बोलायची, आणि मग एखाद्या सकाळी न्हावी दाढी करता करता विचारायचा, "काय भानगड केली, बुवा?" तो माणूस अर्धी दाढी तशीच ठेवून अमरावतीला वकिलाच्या मुन्शीकडे धावायचा. मुन्शी कचेरीत ओळखीच्या कारकुनाला विचारून खरं काय ते सांगायचा. त्याच्या शब्दावर माणसं घरी जायची, नाहीतर घर सोडायची.

असा मुन्शी मी होतो.

एकदा माझ्या धाकट्या बहिणीचा नवराच आला. नांदगाव खंडेश्वराकडचा शेतकरी. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यानं तिला आमच्या दारात आणून सोडलं होतं. बैलही सोडले नाहीत. वडील पाय धुवायला पाण्याचा तांब्या घेऊन उभे, आणि हा गाडीवरूनच बोलला, "तुमची पोरगी तुमच्यापाशीच ठेवा. आन् तुमच्या कारकुंड्याले म्हना, कर फिर्याद." भर आळीत. वडील त्यानंतर बाजाराला गेले नाहीत. पुढे त्याची आई एकटीच आली, माझ्या आईजवळ बसून रडली आणि सुनेला परत घेऊन गेली. तिच्यामुळंच संसार लागला. वडिलांचा तो चेहरा मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलला नव्हता.

"दादा," तो म्हणाला. तोवर कधी दादा म्हटलं नव्हतं. "माह्या नावाचं वारंट हाये म्हन्तेत. पाहून द्या ना. मी तं काईच नाई केलं."

मी कचेरीत विचारलं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोन भावांची मारामारी झाली होती आणि हा तिथं साक्षीदार. पेरणीपायी तारखेला आला नाही, म्हणून साहेबानं जामिनी वारंट काढलेलं. कुणीतरी जामीन राहायचं, पुढच्या तारखेला येतो म्हणून अंगठा द्यायचा, घरी जायचं. एवढंच.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना माझ्या ध्यानात आलं, की खोटं बोलायचीही गरज नाही.

"हाये," मी म्हणालो. "वारंट हाये."

"धरून नेतीन?"

"मंग वारंट कशाले असते?"

'जामिनी' एवढा एक शब्द मी गिळला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं, आणि मी ते डोळे भरून पाहिलं. गावाकडे न वळता तो पैनगंगा ओलांडून मोगलाईत गेला, निजामाच्या मुलखात. तिथं इंग्रजाचा शिपाई येत नाही, असं लोक मानायचे. घरची काळी जमीन टाकून तो दुसऱ्याच्या शेतात राबतो, हे कळलं त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

खटला निकालात निघाला. वारंट रद्द झालं. मी कुणाला सांगितलं नाही. बहीण विचारायची, "सुटतीन ना ते, दादा?" मी म्हणायचो, "पाहून राहिलो."

मग त्याची आई अंथरुणाला खिळली. त्याला निरोप गेला. तो लपतछपत अकोल्यापर्यंत आला, कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात नातेवाईकाकडे राहिला आणि मला बोलावून घेतलं. सरकीच्या ढिगाआड उभा होता. दाढी वाढलेली, अंगावर कापसाचे पुंजके.

"माय जाऊन राहिली, दादा. एक डाव तोंड पाहून येऊ काय? वारंट हाये अजून?"

"हाये," मी म्हणालो.

तो तिथूनच मागे फिरला. आई गेली. अग्नी तिच्या पुतण्यानं दिला. त्यानंतर मी निरोप धाडला, की आता या, उठलं वारंट. आल्याबरोबर तो माझ्या पाया पडला. "तुमी नसते तं जेलात सडलो असतो."

ते पाया पडणं मी इतकी वर्षं अंगावर वागवलं. परवा त्याच्या ओसरीवर बसून सगळं सांगून टाकलं.

त्यानं तंबाखू मळायला घेतली. "पयल्या डावाचं समजते," म्हणाला. "मी वागलोच तसा. पन अकोल्याले काहून?"

"तुमी हात जोडून उभे होते," मी म्हणालो. "मले गोड लागलं."

त्यानं तंबाखू फेकून दिली. "तुमच्या बहिनीले मी नाई सांगत. तुमीच सांगा. आत्ता. मी बसलो हाये इथंच."

ती चहा घेऊन बाहेर आली. "काऊन बाप्पा, दोघंही मुके झाले?"

मी सांगितलं. तिनं कप खाली ठेवला.

"सासूबाई जीव जायपर्यंत म्हनत होत्या," ती म्हणाली, "मुन्शी हाये ना आपला, थो आनीन माह्या पोराले सोडवून."