बंगला की वरच्या मजल्यावरचा चहा

आमचं घर कधी एकत्र फिरायला गेलं नव्हतं. लग्नकार्याला जायचो, दवाखान्यासाठी नांदेडला जायचो, औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला तर मनात आलं की जायचो. शिरड शहापूरहून औंढा आहेच किती लांब! पण नुसतं फिरायला, चार दिवस काहीच काम न करता, हे आमच्यात कुणाला सुचलं नव्हतं. ते सुचलं माझ्या जावेला.

जाऊ आणि दीर त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीसोबत पुण्यात असतात. जाऊ एका कंपनीत मोठ्या जागेवर आहे, महिन्यातून दोनदा तरी तिला कामासाठी बाहेरगावी जावं लागतं. मी गावातल्याच शाळेत शिकवते, नवरा आणि सासरे शेती बघतात. त्या वर्षी हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन बाजारात गेली होती. शाळेला सुट्टी लागली होती. एका दुपारी जावेचा फोन आला.

"ताई, समुद्रावर जायचं. सगळ्यांनी. आत्याबाईंना आणि मामांना घेऊन. मी रजा टाकलीय, आता नाही म्हणू नका."

सासूला आम्ही दोघी आत्याबाई म्हणतो आणि सासऱ्यांना मामा. मी फोन कानाला तसाच धरून अंगणात पळत गेले. मामा लिंबाखाली बाजेवर बसले होते.

"मामा, समुद्रावर जायचं म्हणते धाकटी!"

मामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "समुद्र? तो तर लई लांब असल की."

पण त्यांचे डोळे चमकले होते. माझी तेरा वर्षांची लेक तर घरभर उड्याच मारायला लागली. आमच्यापैकी फक्त जाऊ आणि दीर यांनी समुद्र पाहिला होता. मी पंधरा वर्षं मुलांना नकाशावर निळा रंग दाखवत आले होते, आणि स्वतः त्याच्या काठावर कधी उभी राहिले नव्हते.

संध्याकाळी जावेने मोबाईलवर फोटो पाठवले. कोकणातल्या एका गावातलं मोठं हॉटेल होतं. जाऊ कामाच्या निमित्ताने त्याच हॉटेलवाल्यांच्या वेगवेगळ्या शहरांतल्या हॉटेलांत उतरायची, त्यामुळे ती त्यांची खास मेंबर झाली होती. मेंबर माणसाला वरच्या मजल्यावर एक वेगळी बैठक मिळते, तिला लाउंज म्हणतात. सकाळी नाश्ता, दुपारी चहा, संध्याकाळी खायला दहा प्रकार, सगळं फुकट, आणि समोर काचेतून समुद्र. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं.

आत्याबाई परातीत तूर निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला. "तिथं चहा कोन करतं?"

"तिथली माणसं करतात."

"अन् आनून कोन देतं?"

"तीच माणसं. आपण नुसतं बसायचं."

"नुसतं बसायचं," आत्याबाई म्हणाल्या आणि पुन्हा तूर निवडायला लागल्या. पण थोड्या वेळाने त्यांनी परत विचारलं, "कप बी तेच उचलतेत?"

"व्हय आजी," लेक म्हणाली, "समदं तेच करतेत."

सगळं ठरल्यासारखंच होतं. मग मामांनी बरोबर जागेवर बोट ठेवलं. "आपून आठ जन. आठी जनाला हाय का ती बैठक?"

मी जावेला विचारलं. तिचा आवाज खाली आला. लाउंजमध्ये मेंबर आणि त्याच्यासोबत एकच मोठं माणूस जाऊ शकत होतं. लहान मूल चालत होतं. बाकीच्यांनी खालच्या मजल्यावरच्या खोल्यांत राहायचं आणि खालीच खायचं.

मामा उठून गोठ्याकडे गेले. परत आले तेव्हा म्हणाले, "पोरीनं मनापासून बलावलं, त्यात वाद न्हाई. पन एका घरची मानसं. दोघं वर बसून चहा पिऊन राहिले अन् बाकीचे खाली, हे मला बराबर वाटत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दिराने नवे फोटो पाठवले. त्याच गावात समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर एक अख्खा बंगला भाड्याने मिळत होता. चार खोल्या, मोठा ओटा असलेलं स्वयंपाकघर, पुढे हिरवळ, मागे नारळाची झाडं आणि पोहायला छोटा हौद. मामांनी फोन हातातून सोडलाच नाही. बोटाने फोटो मोठा करून ते एकेक खोली बघत होते.

"हे झालं! समदे एका जागी! हितं मी अन् तुजी सासू, हितं तुमी. सकाळी त्या हिरवळीवर बाजा टाकू."

"बाजा कुठून आणायच्या तिथं?" नवरा हसत म्हणाला.

"मंग सतरंजी टाकू. अन् ऐक, ज्वारीचं पीठ घरचं घेऊ. मिरच्या घेऊ, ठेचा तिथंच करू. तिकडं लोकं मासळी खातेत, आपल्याला तकलीफ होईल. शेंगदाण्याचं कूट, तिखट, तेलाचा डबा..."

मीही लिहीत होते. बंगल्याची मलाही भूल पडली होती. लेक हौदाचा फोटो मैत्रिणींना पाठवत होती. आणि यादी अर्ध्यावर आली असताना आत्याबाई आतून म्हणाल्या,

"मी न्हाई येत."

आम्हाला वाटलं गंमत करतायत. मामा म्हणाले, "काहून?"

"गुडघे दुखतेत."

मी आत गेले. आत्याबाई चुलीजवळ पाटावर बसल्या होत्या. घरात गॅस आहे, पण भाकरी त्यांना चुलीवरच लागते. मी शेजारी बसले आणि विचारलं, खरं काय ते.

त्या काटकीने राख सारत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी लगीन होऊन आले तवा सोळाची होते. तवापासून कुठं बी गेले तरी सैपाकाला गेले. भावाच्या लग्नात गेले, तिथं बी पोळ्या लाटल्या. तुज्या बाळंतपनाला म्हनून गेले, तिथं बी तेच. आता समुद्राला जायचं, तिथं बी चूल हायच ना? पीठ हितूनच घेऊन चालले. मंग समुद्र कवा बघायचा म्या?"

ती यादी माझ्याच हातात होती, माझ्याच अक्षरात. पीठ, तिखट, तेल. त्या ओट्यापुढे कोण उभं राहणार हे मला लिहिताना कळलं नव्हतं असं नाही. मी ते मनात आणलं नव्हतं, एवढंच.

मी बाहेर आले आणि जावेला व्हिडिओ कॉल लावला. मामा, नवरा, लेक सगळे जवळ होते. आत्याबाई दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या. मी सरळ सांगून टाकलं, "आत्याबाई येत नाही म्हणतात. बंगल्यात स्वयंपाक त्यांच्याच गळ्यात पडणार म्हणून. आणि त्यांचं बरोबर आहे. माझ्याही गळ्यात पडणार आणि तुझ्याही."

नवरा जमिनीकडे बघायला लागला. पलीकडे जाऊ आणि दीर एकमेकांकडे बघत होते. मग दीर म्हणाला, "आई, सैपाक मी करतो ना."

"तू?" आत्याबाई हसल्या. "तुला पानी तरी तापवता येतं का?"

दीर पुन्हा बायकोकडे बघायला लागला. जावेने मान हलवली. तो म्हणाला, "आई, मी रोजच करतो. ही बाहेरगावी असते तेव्हाही आणि घरी असते तेव्हाही. सहा वर्षं झाली."

जाऊ स्क्रीनच्या कडेला सरकली, तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. गावाकडे आल्यावर ती पहाटे उठून आमच्यासोबत भाकऱ्या थापायची, बोटं भाजून घ्यायची, आणि सहा वर्षांत हे एका शब्दाने बोलली नव्हती. आता आत्याबाई काय म्हणतात याचीच आम्ही वाट बघत होतो.

आत्याबाईंनी माझ्या हातून फोन घेतला आणि डोळ्यांजवळ धरला.

"काय काय येतं तुला?"

"वरण-भात, पोळ्या, भाज्या सगळ्या. पिठलं. भाकरी जरा जाड होते."

"फुगती का?"

"फुगते."

"मंग मला काहून सांगितलं न्हाई रे? मी तुज्या काळजीनं दर बारीला चटन्यांचे डबे भरून राहिले!" मग त्यांनी सुनेला हाक मारली, "तोंड काहून लपवतीस? इकडं ये." जाऊ समोर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आत्याबाई म्हणाल्या, "बंगलाच घ्या. म्या येते. पन त्या सैपाकघरात म्या पाय ठेवनार न्हाई, आधीच सांगून ठेवते."

अंगणात एकच गलका उडाला. मामा म्हणाले, "मी बी कांदा चिरतो!" नवऱ्याने त्याच संध्याकाळी परात पुढे घेतली. पहिली भाकरी त्याच्या हातात फाटली, दुसरी तव्यावर टाकताना दुमडली, तिसरी म्हशीला घातली. आठ दिवस रोज तो भाकरी थापत होता आणि आम्ही तिघी, सासू, मी आणि लेक, समोर बसून त्याला शिकवत होतो. घरात इतकं हसणं मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं.

भल्या सकाळी भाड्याची जीप दारात आली. शेजारपाजार निरोप द्यायला जमला होता. एक मुक्काम पुण्यात करून दुसऱ्या दिवशी आम्ही आठही जण घाट उतरलो. पुण्यापासून जीप दीर चालवत होता. एका वळणावर दोन माडांच्या मधून काहीतरी लखलखलं. लेक ओरडली, "तो बघा!" दिराने गाडी बाजूला घेतली. आम्ही उतरलो आणि रस्त्याच्या कडेला रांगेत उभे राहिलो.

मामा बराच वेळ बघत होते. शेवटी म्हणाले, "हे समदं पानी?"

"समदं, मामा."

"अन् पलीकडं?"

"पलीकडंही पाणीच."

त्यांनी दोन्ही हात जोडले. दुष्काळात टँकरमागे घागर घेऊन धावलेला माणूस तो. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, पाण्याकडेच बघत राहिले.

बंगला फोटोत होता त्याहून मोठा निघाला. दोन दिवस नुसती धमाल. दीर ओट्यापुढे, मामा कांदा चिरताना डोळे पुसतायत, नवरा भाकरी थापतोय. आत्याबाईंनी शब्द पाळला, पण पहिल्या सकाळी पाच वाजताच उठून त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसल्या. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. कधी मांडीवर, कधी पदरात. दिराने चहा आणून दिला तेव्हा त्या अवघडून अर्ध्या उठल्याच होत्या. लेक त्यांचा हात धरून म्हणाली, "आजी, बस की!" मग त्या दोघी समुद्राकडे गेल्या आणि उन्हं चढेपर्यंत आल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी नाश्ता झाल्यावर जाऊ म्हणाली, "मी आजच्या दिवसासाठी त्या हॉटेलात एक खोली घेतलीय. माझ्यासोबत एक जण दुपारच्या चहाला लाउंजमध्ये येऊ शकतो." ती मामांकडे वळली. "मामा, राग येणार नसेल तर..."

मामांनी तिला पुरतं बोलू दिलं नाही. "तुज्या सासूला ने."

"मला कशाला!" आत्याबाई म्हणाल्या. पण तोवर त्या उठल्या होत्या.

मग दुपारी जी धांदल उडाली! मी त्यांना त्यांचं हिरवं नऊवारी नेसायला मदत केली. लेकीने वेणी घालून गजरा माळला. धाकटीच्या पाच वर्षांच्या मुलीने आजीच्या हाताला आपलं अत्तर चोळलं. साडेतीनच्या सुमारास मी आणि लेक सोडायला हॉटेलपर्यंत गेलो. लिफ्टचं दार बंद होताना आत्याबाईंनी सुनेचा दंड घट्ट धरला होता, आणि त्या आमच्याकडे बघून अशा हसल्या की जणू शाळेची सहलच निघालीय.

आम्ही खाली बसून राहिलो. एक तास झाला, दीड झाला. लिफ्ट उघडली. पुढे आत्याबाई, मागे जाऊ. जाऊ तोंडावर रुमाल धरून हसू दाबत होती.

"काय झालं? कसं होतं?" मी विचारलं.

आत्याबाईंनी आधी सोफ्यावर बैठक मारली. "तीन कप चहा पिले. एक पोरगी आली, 'आजी, अजून आणू का' म्हनाली. म्या म्हनले, आन. परत आली, म्या म्हनले, आन. समोर समदा समुद्र. खाली होड्या, मुंगीएवढ्या. कुनी हाक मारली न्हाई, कुनी काही मागितलं न्हाई."

"आणि मग?"

"मंग काय? उठले अन् आले. कप तिथंच टेबलावर ठिवला," त्या म्हणाल्या, आणि मग आवाज बारीक करून, "न धुता."

जाऊ आता मोठ्याने हसायला लागली, आणि हसता हसता तिने आत्याबाईंच्या खांद्यावर डोकं टेकलं. आत्याबाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला. म्हणाल्या, "चला आता. अजून दोन तास उजेड हाय. मला गुडघ्याएवढ्या पान्यात जायचंय, अन् तुमी दोघी दोन्हीकडून धरा."

आम्ही हॉटेलाच्या मागच्या दारानेच वाळूत उतरलो. बंगल्यातून बाकीचे येताना दिसत होते, सगळ्यात पुढे मामा, धोतर वर खोचून. आत्याबाईंनी चपला काढून लेकीच्या हातात दिल्या, माझा हात धरला, जावेचा धरला, आणि नऊवारी भिजेल म्हणून आम्ही काही बोलायच्या आत आम्हा दोघींनाच ओढत पाण्यात घेऊन गेल्या.