दुपारी दोनचं बटण

शॉमबर्गच्या आमच्या घरी टीव्हीखाली एक पेटी बसली. कोणता कार्यक्रम किती लोक बघतात, हे मोजणाऱ्या कंपनीची. टीव्हीसमोर बसलं की प्रत्येकाने आपापलं बटण दाबायचं, म्हणजे कोण बघतंय ते पेटीला कळतं. नवरा खूश होता. मला मात्र पहिल्या दिवसापासून संशय. मी डिपेंडंट व्हिसावर, नोकरीची परवानगी नाही. ही बाई दिवसभर लोळत टीव्ही बघते, हे मी माझ्याच बोटाने का कळवू? उद्या ते कुठे पोचेल, काय सांगावं!

त्यात सासूबाई नागपूरहून आल्या. रोज दुपारी दोनला आम्ही दोघी चिवडा घेऊन कोर्टाचा कार्यक्रम बघायचो. भाडेकरू भांडायचे, जजबाई झापायच्या, मी मराठीत सांगायचे आणि सासूबाई जजच्या आधी निकाल देऊन मोकळ्या. पेटीवर पाहुण्यांचंही बटण होतं. "हात लावू नका आई," मी बजावलं, "तुम्ही व्हिजिटर व्हिसावर आहात."

स्प्रिंगमध्ये तो कार्यक्रम बंद झाला. दुपारी बघायला कोणी उरलंच नाही, असं बातमीत होतं. सासूबाई भडकल्या. "म्हणजे काय? आपण दोघी काय मेलो होतो?"

मी पेटीकडे बघितलं. ती काही खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी आमचा टीव्ही रोज दोनला लागत होता, आणि घरात कोणीच नव्हतं.