गाण्यात नसलेला ठोका

नोकरीतली कितीतरी प्रकरणं विसरलो, पण हे काही डोक्यातून जात नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी जुन्नरला फौजदार होतो. पश्चिमेच्या डोंगरातल्या एका गावची बाई सकाळीच ठाण्यात आली. नवरा आदल्या दुपारी पायी जुन्नरला निघाला, तो पोचलाच नव्हता.

"न सांगता ते कुटं ऱ्हात न्हाईत, सायेब," ती म्हणाली.

मी मिसिंग नोंदवली आणि "बसला असेल कुठं पिऊन, येईल," म्हणत तिला वाटेला लावलं.

दोन दिवसांनी आमच्या हवालदाराने नारायणगावहून एक विचित्र गोष्ट आणली. गावोगावचे प्रवासी भरणाऱ्या वडापच्या जीपवाल्यांत तेव्हा आवाजाची चढाओढ होती. ज्याचा टेप दणदणीत, त्याची जीप आधी भरे. एकाने मागच्या सीटखाली नवा वूफरचा डबा बसवून घेतला होता. डबा बसवणाऱ्या कारागिराकडे तो लागोपाठ तीनदा येऊन गेला. तक्रार अशी, की डोंगरातल्या रस्त्यावर गाण्यात एक जादा ठोका आला, तो पुन्हा येत नाही. दिवस विचारला, तर तो माणूस निघाला तोच, आणि रस्ताही त्याच्याच गावचा.

"डबा चोख हाय, राव," कारागीर हवालदाराला म्हणाला. "पन त्यो गाडीत बसून तेच गानं आयकत ऱ्हातो. मला त्याचं भ्याव वाटाया लागलंय."

मी जीपवाल्याला बोलावलं. लपवणारा माणूस पोलिसाला पाच मिनिटांत कळतो. हा लपवत नव्हता, घाबरला होता.

"गाडी रिकामी व्हती, सायेब. टेपचा बेस वाढवाया खाली वाकलो आन् ठोका आला. लई भारी वाटला."

"मग थांबला का नाहीस?"

"गान्यातलाच वाटला."

जागा मात्र त्याला सांगता येईना. त्या गावाची वेस ओलांडली की कॅसेट पहिल्यापासून लावायची, ही त्याची रोजची सवय. हवालदाराला घेऊन मी त्याच्या जीपमध्ये बसलो आणि म्हटलं, तिथूनच लाव आणि तशीच चालव. भर दुपार होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बुडाखाली डबा धडधडत होता आणि आम्ही तिघं गाण्यात नसलेलं काहीतरी ऐकत बसलो होतो. दुसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि एका वळणावर त्याने ब्रेक दाबला.

"हितं," तो म्हणाला.

खाली करवंदीच्या जाळीत तो माणूस मरून पडला होता. पंचनामा झाला, प्रेत शवविच्छेदनाला गेलं. डॉक्टरांच्या मते गाडीची धडक बसून पडल्यावर तो एक दिवसभर जिवंत होता. म्हणजे त्याची बायको माझ्यासमोर उभी होती, तेव्हाही. तेवढ्या वेळात जीपवाला टेप लावून तिथूनच सहा खेपा करून गेला होता. त्याच्यावर हयगयीने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल केला. माझ्यावर कुणी केला नाही.

त्यानंतर मिसिंग आली की मी त्याच तासाला माणसं रस्त्यावर पाठवली. शहाणपण आलं, पण ते दुसऱ्याच्या जिवावर आलं, याची लाज वाटते.

त्या बाईने मला एकच विचारलं, "हाक मारली आसंल का वो त्यांनी?"

"नाही," मी म्हणालो, "जागीच गेले."

तिने हात जोडले. मी तिला धीर दिला, असं हवालदाराला वाटलं. मी स्वतःला वाचवलं होतं.